माया लोक गेले कोठे?

मेक्सिकोहून परत आल्याला आता तीन महिने होतील. तेवढ्या अवधीत भेटलेल्या मंडळींपैकी निदान वीसजणांनी तरी मला एकच प्रश्न विचारला. "काय हो, ते माया लोक एकाएकी गेले कोठे?" विचारणाऱ्यांत शाळामास्तर होते, वकील होते, माझ्याकडे पेटी आणि गाणे शिकणाऱ्या मुलांचे आईबाप होते. प्रश्नात कुचेष्टा नव्हती. कोठेतरी वाचलेले, पडद्यावर पाहिलेले त्यांच्या मनात बसले होते. घनदाट अरण्य, त्यात उंच देवळे, आकाशाचा हिशेब ठेवणारे पंचांग, आणि एके दिवशी सारे लोक गुप्त!

आरंभी मी लांबलचक उत्तर देत असे. आता एवढेच सांगतो की, ते कोठेही गेलेले नाहीत. मेरिदाहून वल्लादोलिदकडे जाणाऱ्या बसमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. अंगात गळ्याकाठावर रंगीत फुले भरलेला पांढरा झगा, मांडीवर पिशवी आणि पिशवीत मक्याची कणसे. पलीकडच्या बाईशी त्यांचे बोलणे चालले होते ते स्पॅनिश नव्हते. शब्द मध्येच तुटल्यासारखे थांबत आणि पुन्हा सुरू होत, जसा एखादा तबलजी बोल दाबून वाजवतो. ती माया भाषा होती. ज्यांना आपण गुप्त करून ठेवले आहे त्यांच्यापैकी दोघीजणी मक्याच्या भावाविषयी बोलत असाव्यात, आणि मी आपला खिडकीतून अवशेष कधी दिसतात हे पाहत होतो. म्हणजे विचारणाऱ्यांपेक्षा मी शहाणा होतो असे मुळीच नाही. प्रवासाच्या पहिल्या आठवड्यात मीही दगडच पाहायला निघालो होतो.

प्रवासाचा योग आला तो असा. माझी एक जुनी शिष्या नवऱ्याच्या नोकरीनिमित्त मेरिदा शहरी राहते. एरवी तिची शिकवणी फोनच्या पडद्यावरून चालते. "मास्तर, एकदा प्रत्यक्ष येऊन बसा," असा तिचा आग्रह होता, आणि तिकिटाचा भारही तिनेच उचलला. सकाळी तिला शिकवायचे आणि उरलेल्या दिवसांत हिंडायचे, असा सहा आठवड्यांचा क्रम होता.

प्रथम अर्थातच चिचेन इत्सा. २००७ साली जगातल्या नव्या सात आश्चर्यांत त्याची गणना झाल्यापासून तिथे यात्राच भरलेली असते. मधोमध उभा तो प्रसिद्ध पायऱ्यांचा डोंगर. चारी बाजूंना एक्याण्णव पायऱ्या आणि माथ्यावरची एक, मिळून ३६५. त्यावर चढण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्याच्यासमोर उभे राहून जो तो टाळ्या वाजवीत असतो. टाळीला जे उत्तर येते ते टाळीचे नसते. ती एखाद्या पक्ष्याची शीळ वाटते. कारण सोपे आहे. प्रत्येक पायरीवरून आवाज परततो. खालच्या पायऱ्यांचा दाटीने, वरच्यांचा अधिकाधिक विरळ; म्हणून सूर वरून खाली घसरत येतो. आपल्या भाषेत सांगायचे तर ती उतरती मींड आहे. वाटाडे सांगतात की हा केत्झाल पक्ष्याचा आवाज, तो मुद्दाम दगडात कोंडला आहे. केत्झाल तर दूर दक्षिणेच्या डोंगरी अरण्यातला पक्षी. त्याची लांब हिरवी पिसे राजांच्या मुकुटांत असत. असो, कल्पना सुंदर आहे, आणि मीही तेथे वीसेक टाळ्या वाजविल्या हे कबूल करतो.

पण त्याच पटांगणाच्या कडेने झाडांखाली शेकडो विक्रेते बसलेले असतात. मातीच्या शिट्ट्या, लाकडी मुखवटे, भरतकामाची वस्त्रे. गिऱ्हाइकाशी ते स्पॅनिशमध्ये बोलतात, मोडक्या इंग्रजीत बोलतात, आणि गिऱ्हाईक पुढे गेले की आपसांत माया बोलतात. दगडाचा प्रतिध्वनी ऐकण्यासाठी कान टवकारून उभे असलेले आम्ही पाहुणे त्या बोलीकडे ढुंकूनही पाहत नव्हतो. उलट "या लोकांनी जागेची शोभा घालविली" असा एका पाहुण्याचा शेरा कानी आला. ज्यांच्या पूर्वजांनी हे बांधले त्यांच्याच उपस्थितीने त्याची शोभा जाते! मला त्या क्षणी हसू आले. राग आला तो मागाहून.

त्या दिवसापासून मी दिवसाचे दोन भाग केले. सकाळ अवशेषांत, दुपारपासून गावांत.

युकातानचा तो मुलूख विलक्षण आहे. नकाशावर पाहिले तर उत्तर भागात नदी म्हणून नाही. सगळी जमीन चुनखडीची. पाऊस पडतो तो दगडातून झिरपून खाली जातो. जागोजाग जमीन खचून खोल विवरे झाली आहेत. तळाशी निळे, गार पाणी. त्यांना सेनोते म्हणतात, आणि जुनी शहरे त्यांच्याच आश्रयाने वसली. दक्षिणेस पूक नावाचा टेकड्यांचा भाग आहे, तेथे हेही सुख नाही. तेथल्या लोकांनी जमिनीत सुरईच्या आकाराचे हौद खोदले, आतून चुन्याने लिंपले, आणि पावसाचे पाणी साठवून उश्मल, काबा, सायिल, लाब्ना अशी नगरे उभी केली. काबा येथे एका इमारतीचा दर्शनी भाग पर्जन्यदेवता चाक हिच्या शेकडो मुखवट्यांनी भरलेला आहे. आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या माणदेशातल्या माणसाला ती भिंत एका क्षणात कळेल.

लाब्ना येथे एक कमान आहे. तिच्यावर दोन लहान झोपड्या दगडात कोरल्या आहेत. वर शाकारलेले उतरते छप्पर, मध्ये दार. उश्मलच्या एका भव्य चौकातही दारांच्या माथ्यावर तशीच घरे कोरलेली आहेत. हे काम हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे. तेथून निघालो आणि तासाभरात एका खेड्यात थांबलो. वाटेला लागून दगडांच्या कोरड्या रचाईची कुंपणे, आणि आत लंबगोल आकाराचे, ताडाच्या पानांनी शाकारलेले घर. तेच छप्पर, तेच मधोमध दार! आत झोळ्या टांगलेल्या आणि एक म्हातारी मक्याची भाकरी थापीत होती. मी दारात थबकलो. सकाळी जे घर मी तिकीट काढून दगडात पाहिले, तेच घर संध्याकाळी धूर सोडीत समोर उभे होते. "गेले कोठे?" या प्रश्नाला याहून वेगळा पुरावा काय पाहिजे?

त्या माऊलीने आम्हांला बसवून घेतले. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून मग दळायचा, ही तिकडची रीत हजारो वर्षांची. नुसता मका खाणाऱ्यांना जे अंगदोष जडतात ते या चुन्यामुळे टळतात. भाकरी थापण्याचा तो थप-थप आवाज ऐकून मला आमच्या स्वयंपाकघराचीच आठवण झाली. मागच्या शेतात मका, त्यावर चढलेला घेवडा, खाली पसरलेला भोपळा, तिन्ही एकत्र. या पद्धतीला मिल्पा म्हणतात. एक पीक दुसऱ्याला आधार देते, तिसरे जमीन झाकते. संगतीचा असा मेळ फार थोड्या मैफलींत ऐकायला मिळतो.

परसात एक ओळखीचे झाड दिसले. चिकू! घोलवड-डहाणूचा आणि आमच्या शेजारचा गणदेवी-नवसारीचा चिकू आपण किती आपला मानतो! त्याचे मूळ माहेर हे. आपला 'चिकू' हा शब्दही स्पॅनिश मुखातून आला. त्याच्या खोडाला चिरा देऊन जो चीक काढतात त्यापासून पूर्वी चघळायचा डिंक करीत, आणि त्या चिकासाठी पेतेनच्या अरण्यात हिंडणाऱ्या मजुरांनीच कित्येक अवशेषांचा पत्ता संशोधकांना दिला. लाकूड तर असे टणक की ग्वाटेमालातल्या तिकाल येथील देवळांच्या दारांवर बसविलेल्या चिकूच्या तुळ्या बाराशे वर्षे टिकल्या. काही अजून जागेवर आहेत. सर्वांत सुंदर कोरलेल्यांपैकी काही मात्र एकोणिसाव्या शतकात काढून नेल्या गेल्या आणि आज स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संग्रहालयात आहेत. दगड, लाकूड आणि फळ जगभर गेले, आणि नाहीसे झाले म्हणतात ते माणसांना.

मग या समजुतीत काहीच तथ्य नाही काय? आहे, थोडे आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकात दक्षिणेतली पालेंके, तिकाल, कोपान यांसारखी मोठी राजधानीची शहरे एकामागून एक ओस पडली. आपसांतली युद्धे, दीर्घ अवर्षणे, जमिनीवर पडलेला माणसांचा भार, आणि 'पाऊस आम्ही आणतो' असे सांगणाऱ्या राजांवरचा उडालेला विश्वास, अशी कारणे अभ्यासक देतात. त्यांच्या दीर्घ कालगणनेतली शेवटची तारीख तोनिना येथील शिलालेखात आहे, ती इ. स. ९०९ ची. राजवाडे रिकामे झाले ते असे. परंतु माणसे उत्तरेकडे गेली, डोंगरांत गेली, खेड्यांत राहिली. चिचेन इत्साची भरभराट त्यानंतरही चालली. पुढे मायापान हे शहर पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नांदले. आणि शेवटचे स्वतंत्र माया राज्य, पेतेन सरोवरातले नोहपेतेन, स्पॅनिश फौजांनी घेतले ते १६९७ साली. त्या वेळी राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते! इतिहासाच्या हिशेबाने ही कालपरवाची गोष्ट झाली.

यापुढची कथा तर गुप्त होण्याची नसून गुप्त करण्याची आहे. १५६२ साली मानी या गावी दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने माया पोथ्यांची होळी केली. आज जगात त्यांच्या चार पोथ्या शिल्लक आहेत. चमत्कार असा की त्याच लांदाने आपल्या पुस्तकात माया अक्षरांचे एक मोडकेतोडके टिपण करून ठेवले होते, आणि १९५२ साली लेनिनग्राडमध्ये बसलेल्या युरी क्नोरोझोव्ह या विद्वानाने त्या टिपणातूनच लिपीचा धागा पकडला. त्याने तोवर एकही माया अवशेष डोळ्यांनी पाहिला नव्हता. आता बहुतेक शिलालेख वाचता येतात. राजांची नावे, जन्ममृत्यूच्या तारखा, लढाया, लग्ने, सारे. 'गूढ' म्हणून जे विकले जाते ते पुष्कळसे वाचून झालेले आहे.

१८४७ साली युकातानच्या माया शेतकऱ्यांनी जमिनीसाठी बंड केले. ते मोडायला विसावे शतक उजाडले. आणि ग्वाटेमालात १९६० ते १९९६ पर्यंत जे यादवी युद्ध झाले, त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने १९९९ साली सांगितले की दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली अथवा बेपत्ता झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. तरीही माया कुळातल्या सुमारे तीस भाषा आज जिवंत आहेत, आणि या लोकांची संख्या साठ लाखांहून अधिक आहे. अशा माणसांसमोर उभे राहून 'तुम्ही हजार वर्षांपूर्वीच नाहीसे झालात' म्हणणे हे केवळ अज्ञान राहत नाही. नाहीशा झालेल्या माणसाची जमीन कोणीही घ्यावी, त्याचे दुःख कोणाच्या खाती जमा होत नाही, आणि त्याच्या देवळाचे तिकीट कोणीही फाडावे! म्हणून मला या भाबड्या प्रश्नाची धास्ती वाटते.

आता जे सांगतो ते थोडे घरचे आहे.

पालेंकेहून दीडशे किलोमीटरवर, ग्वाटेमालाच्या सीमेकडे, बोनाम्पाक नावाचे एक लहानसे स्थान आहे. शेवटचा टप्पा लाकान्दोन जमातीच्या लोकांच्या मोटारींतूनच करावा लागतो. पांढरा पायघोळ सदरा घातलेला, खांद्यापर्यंत केस वाढविलेला तरुण आमचा सारथी होता. १९४६ साली बाहेरच्या जगाला येथली चित्रे प्रथम दिसली तीही लाकान्दोनांनी वाट दाखविली म्हणूनच. त्यांना ती जागा माहीत होतीच. इमारत साधी; तीन खोल्या, तीन दारे. आत मात्र भिंती चित्रांनी भरलेल्या. काळ इ. स. ७९० च्या सुमाराचा. नीळ आणि एका जातीची माती यांच्या संयोगाने केलेला तो निळा रंग बाराशे वर्षांनंतरही मेलेला नाही.

पहिल्या खोलीत मी शिरलो आणि समोर पाहिले तो आमची मंडळी! भिंतीवर वादकांची रांग उभी. काहींच्या हाती खुळखुळे, एकापुढे उभा ठेवलेला उंच ढोल आणि त्यावर हात, काहीजण कासवाच्या पाठीवर हरणाच्या शिंगाने ताल धरीत आहेत, आणि मागे लांब कर्णे उचललेले. राजपुत्राच्या गौरवाचा समारंभ आहे. सरदार पिसांच्या मुकुटांत नटले आहेत. वादक आपल्या जागी, आपल्या कामात. मी त्या अरुंद खोलीत उभा राहून नकळत मांडीवर ठेका धरला.

माझे वडील बडोदे संस्थानच्या नगारखान्यात आजोबांच्या हाताखाली सनई वाजवू लागले तेव्हा चौदा वर्षांचे होते. पुढे चार-पाच वर्षांतच, १९४९ साली, संस्थान विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, फक्त ऐकला. मी लहान असताना एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. संस्थानी संगीतावर ते पुस्तक लिहीत होते. त्यांनी वडिलांची पगडी पाहिली, बिल्ला पाहिला, नगारखान्याचे जुने छायाचित्र पाहिले, सगळे टिपून घेतले. वडील सनईची पत्ती ओली करून तयार बसले होते. गृहस्थ म्हणाले, "पुन्हा कधी तरी येतो, तेव्हा ऐकू." ते आले नाहीत. पुस्तक मात्र आले. त्यात लिहिले होते की ही परंपरा आता लुप्त झाली आहे. ते वाक्य मी वडिलांना वाचून दाखविले त्या दिवशी संध्याकाळी त्यांना एका लग्नात वाजवायला जायचे होते. ते हसले, आणि मला म्हणाले, "सनई पिशवीत घाल."

दरबार गेल्यावरही ते पहाटे उठून भैरव वाजवीत. आता कोणासाठी, असे मी एकदा विचारले. "अरे, सकाळ काय दरबारची होती?" हे त्यांचे उत्तर. बोनाम्पाकच्या त्या खोलीत मला हे वाक्य जसेच्या तसे ऐकू आले. तेथल्या चित्रांचे काम पुरे झालेले नाही. नावे लिहिण्यासाठी आखलेल्या काही चौकटी कोऱ्याच राहिल्या आहेत. थोड्याच काळात तो दरबार मोडला. मग कर्णेवाले कोठे गेले असतील? आपापल्या गावी, हातातले वाद्य घेऊन.

हा नुसता भावनेचा खेळ नव्हे. ग्वाटेमालात राबिनाल नावाचे गाव आहे. तेथे दरवर्षी जानेवारीत, २५ तारखेच्या सणाला, 'राबिनाल आची' हे नृत्यनाट्य होते. एक कैदी योद्धा, त्याला पकडणारा योद्धा, आणि राजासमोरचे त्यांचे लांबलचक संवाद. विषय स्पॅनिशांच्या आगमनापूर्वीच्या दरबाराचा. साथीला लाकडाचा पोकळ ढोल आणि दोन कर्णे. राजा नाही, सिंहासन नाही, राज्यही नाही. गावातल्या मंडळींनी ते पिढ्यान्पिढ्या जतन केले, आणि २००५ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशाचा मान दिला. मान मिळाला ते ठीकच. पण तो नसतानाही ढोल वाजत होता, ही खरी गोष्ट.

माझ्या एका स्नेह्यांनी यावर आक्षेप घेतला. ते म्हणाले, "मास्तर, आम्ही कला पाहायला जातो. खेड्यातल्या माणसांकडे टकमक पाहत हिंडणे म्हणजे त्यांना प्रदर्शनात मांडणे नव्हे काय?" आक्षेप रास्त आहे. छायाचित्रासाठी पोरांना उभे करणारे, घरात न विचारता डोकावणारे पाहुणे मी पाहिले. तसे करण्यापेक्षा दगड बरे. पण पाहणे आणि भेटणे यांत फरक आहे. मैफलीत गवयाच्या अंगरख्याकडे पाहत बसणारा आणि त्याचे गाणे ऐकणारा, दोघेही श्रोतेच म्हणवतात.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. जुन्या दरबाराचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. बोनाम्पाकच्याच दुसऱ्या खोलीत लढाई आहे, आणि पायऱ्यांवर बसविलेले कैदी आहेत. त्यांच्या बोटांतून रक्त ठिबकते आहे. वादकांची भिंत आणि कैद्यांची भिंत एकाच इमारतीत आहे. दरबारी कलेवर वाढलेल्या माझ्यासारख्याने हे विसरून चालणार नाही. आमच्या घरी आलेला पगारही कोणा शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच आला होता. म्हणूनच मला दरबार परत यावासा वाटत नाही. दरबाराबाहेर जे उरले त्याची कदर व्हावी, एवढेच मागणे आहे.

तिकडे हल्ली आणखी एक गोष्ट घडली आहे. युकातानभर फिरणारी, सुमारे दीड हजार किलोमीटरची 'माया रेल्वे' डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पाहुणे वाढतील, रोजगार वाढेल, असे तिचे कैवारी सांगतात. रुळांसाठी अरण्य तोडले, जमिनीखालच्या गुहांवर खांब रोवले, आणि आम्हांला धड विचारले नाही, असे तेथल्या काही माया गावांचे म्हणणे आहे. वादाचा निकाल देणारा मी कोण? पण नाव मायांचे आणि शब्द इतरांचा, असे होऊ नये एवढे तर कोणालाही कळते.

तेव्हा कोणी तिकडे जाणार असेल तर माझी विनंती एवढीच. अवशेष अवश्य पाहा. मीही पुन्हा संधी मिळाली तर बोनाम्पाकला जाईन. परंतु जितके तास दगडांना द्याल तितकेच सभोवारच्या मुलखाला द्या. वाटाड्या गावातलाच घ्या. दुपारचे जेवण हॉटेलात न घेता एखाद्या खाणावळीत घ्या, तेथे भाकरी हाताने थापलेली असेल. त्या झाडाखालच्या विक्रेत्याशी घासाघीस करण्याआधी त्याच्या भाषेतले दोन शब्द बोला.

आणि हे सारे मेक्सिकोपुरते नाही. आम्ही बडोदेकर सुट्टीच्या दिवशी चांपानेरला जातो, मशिदींच्या कमानी पाहतो, २००४ सालच्या युनेस्कोच्या पाटीपाशी छायाचित्र काढतो आणि परततो. त्या अवशेषांच्या शेजारी आजही वस्ती आहे. तेथल्या माणसाशी दोन शब्द बोललेला आमच्यापैकी कोणी आहे काय? मी तरी नव्हतो. परत आल्यावर गेल्या महिन्यात गेलो, आणि एका घराच्या ओट्यावर बसून ताक प्यालो. चांगले होते.

माया भाषेत 'कसे काय?' असे विचारायचे तर 'बिश आ बेल?' म्हणतात. शब्दशः अर्थ, 'तुझी वाट कशी आहे?' भाकरी थापणाऱ्या त्या आजीला निरोप घेताना मी हे शब्द चाचरत म्हटले. निरोपाच्या वेळी कुशल विचारणारा हा पाहुणा पाहून ती खूप हसली. मग पिठाचा हात पदराला पुसून म्हणाली, "मालोब." म्हणजे, चांगली आहे.